वॉरच्या पोटातली फाइल ही फाइल नसते

जावा वेबअ‍ॅप वॉर म्हणून, म्हणजे एकाच पॅकेज-फाइलमध्ये बांधून, सर्व्हरवर चढवलं की येणाऱ्या ‘माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर फाइल सापडत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा कोडमधल्या ‘न्यू फाइल’मध्ये दिलेल्या रिलेटिव्ह पाथमध्ये असतं. तो पाथ प्रोजेक्टपासून नव्हे, जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं व्हर्च्युअल मशीन) ज्या डिरेक्टरीतून सुरू झालं तिथून मोजतात. आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती सहसा प्रोजेक्टचीच डिरेक्टरी. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सर्व्हिसमध्ये काही नमूद केलं नसेल तर थेट रूट.

अ‍ॅपसोबत जाणारी फाइल मेव्हन या बिल्ड टूलच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये ठेवा. ती वॉरच्या वेब-इन्फ फोल्डरमधल्या क्लासेसमध्ये पोहोचते. जावा फोल्डरमध्ये सोर्सशेजारी ठेवलेली प्रॉपर्टीज फाइल मात्र मेव्हन गुपचूप वगळतं. वाचायला गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम ही मेथड वापरा, पण स्लॅश सांभाळून. क्लासवरून बोलावलं तर सुरुवातीचा स्लॅश म्हणजे क्लासपाथचं (जावा जिथे क्लास आणि रिसोर्स शोधतं त्या जागेचं) मूळ, आणि तो नसेल तर त्या क्लासचं पॅकेज. क्लासलोडरवरून बोलावताना स्लॅश देऊच नका. सर्व्हलेट कॉन्टेक्स्टला (चालू वेबअ‍ॅपचं प्रतिनिधित्व करणाऱ्या ऑब्जेक्टला) मात्र तो लागतोच, आणि तिथे मोजणी वेबअ‍ॅपच्या मुळापासून होते. फाइल न मिळाल्यास तिन्ही ठिकाणी एक्सेप्शन (एरर) येत नाही, नल (रिकामी व्हॅल्यू) मिळतो. स्फोट होतो तो पुढच्या ओळीत, म्हणून लोक भलतीकडेच शोधत बसतात. लिनक्सवर नावातलं कॅपिटल-स्मॉलही जुळावं लागतं. विंडोजवर डेव्हलपमेंट करणाऱ्यांना हे हमखास नडतं.

डिस्कवरचा पाथ देणाऱ्या गेटरिअलपाथ मेथडवर विसंबू नका. वेबअ‍ॅप चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरने वॉर उघडून ठेवला नसेल तर ही मेथड नल देते. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या जारमध्ये (वॉरसारख्याच पॅकेजमध्ये) रिसोर्सवरच्या गेटफाइलचंही तसंच: आयडीईत चालतं, जारमधून एक्सेप्शन. एखाद्या लायब्ररीला खरीखुरी फाइलच हवी असेल तर स्ट्रीम टेम्प फाइलमध्ये कॉपी करून तिचा पाथ द्या.

सर्व्हरगणिक बदलणारं कॉन्फिगरेशन वॉरबाहेर हवं. टॉमकॅटच्या बिनमधल्या सेटएन्व्ह स्क्रिप्टमध्ये, कॅटालिना ऑप्ट्स या व्हेरिएबलमधून, सिस्टम प्रॉपर्टी म्हणून अ‍ॅब्सोल्यूट पाथ द्या. फाइल नसेल तर अ‍ॅप सुरूच होऊ देऊ नका, आणि लॉगमध्ये पूर्ण पाथ छापा. टॉमकॅटच्या युजरला फाइल वाचण्याचा हक्क पुरत नाही; वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्झिक्यूटचा हक्कही लागतो. अपलोड झालेल्या फाइल वेबअ‍ॅप्समध्ये ठेवणं तर निव्वळ धोका: नवा वॉर चढवला की जुनं फोल्डर पुसलं जातं.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक: प्रॉपर्टीज क्लासच्या लोड मेथडला स्ट्रीम दिली तर ती आयएसओ-८८५९-१ (देवनागरी नसलेलं एन्कोडिंग) म्हणून वाचली जाते आणि देवनागरीचा कचरा होतो. यूटीएफ-८ सांगितलेला इनपुटस्ट्रीमरीडर द्या. भाषेनुसार मजकूर पुरवणारा रिसोर्सबंडल क्लास मात्र जावा ९ पासून आपणहून यूटीएफ-८ धरतो.