‘मी’ म्हणजे ती

“मॅडम, तुम्ही बाजूला उभ्या राहून खुणा करा, शिकवायचं आमचं आम्ही बघू.” पहिल्या दिवशी विभागातल्या एका सरांनी असं सांगितलं. हेतू वाईट नव्हता. सांकेतिक भाषेचा इंटरप्रिटर त्यांनी याआधी पाहिलाच नव्हता. पुण्यातल्या एका विद्यापीठात, एम.ए. अर्थशास्त्राच्या वर्गात, एका कर्णबधिर मुलीसाठी मी रुजू झाले होते. ते पहिलं सत्र कसं पार पडलं, ते लिहिते आहे.

माझा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा. घरात आमच्या खुणा होत्या. जेवण, शाळा, रागावलेले बाबा, सगळ्याला खूण. पण त्या आमच्या उंबऱ्याच्या आतल्या. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे मला वांद्र्याच्या अली यावर जंग या वाक्-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत इंटरप्रिटिंगची दोन वर्षांची पदविका करताना समजलं. या भाषेत ‘कोण’, ‘कुठे’, ‘काय’ वाक्याच्या शेवटी येतात. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारायचा. भुवया जागच्या जागी राहिल्या, तर समोरच्याला ते साधं विधान वाटतं. दादाशी वीस वर्षं बोलूनही हे मला माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं होतं.

वर्गात पहिली अडचण जागेची आली. मला मागच्या कोपऱ्यात खुर्ची दिली होती. म्हणजे तिने माझ्याकडे बघायचं तर फळ्याकडे पाठ. मी फळ्याशेजारी, सरांच्या बाजूला उभी राहू लागले. प्रोजेक्टर लावला की दिवे बंद व्हायचे आणि माझे हात अंधारात जायचे. मग पुढचा एक दिवा चालू ठेवायचं ठरलं. सर फळ्यावर आलेख काढता काढता बोलत. ऐकणारी मुलं दोन्ही एकदम घेतात. तिचे डोळे एका वेळी एकाच जागी. त्यामुळे आलेख काढून झाल्यावर दोन क्षण थांबा, अशी विनंती रोज करावी लागली. वही लिहिणंही तिला शक्य नव्हतं, मान खाली गेली की वाक्य गेलं. एका मैत्रिणीने आपल्या वहीची प्रत द्यायचं कबूल केलं, आणि तो प्रश्न सुटला.

खरं काम वर्गाबाहेर होतं. आपल्याकडे बोटांनी अक्षरं दाखवायची रूढ पद्धत इंग्रजी वर्णमालेची, दोन हातांची. ही मुलगी मराठी माध्यमातली. ‘सीमांत उपयोगिता’ इंग्रजी अक्षरांत दाखवून तिला काय मिळणार? राष्ट्रीय पातळीवरच्या सांकेतिक शब्दकोशात 2021 साली दहा हजार शब्द झाले होते, तरी एम.ए.ला लागणारी प्रत्येक संज्ञा त्यात कुठून असणार! ‘मागणीची लवचिकता’, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, आली तेव्हा मी रबर ताणल्याची खूण केली. तिने मान डोलावली. संध्याकाळी विचारलं, तर तिला रबरच समजलं होतं. शब्द पोचला होता, अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये बसलो. मीठ महागलं तर तू कमी घेशील का? नाही. हॉटेलचं जेवण महागलं तर? जाणंच बंद. मग तिनेच सुचवलं: डावा हात किंमत, उजवा हात मागणी. डावा वर चढतो; मिठासाठी उजवा जेमतेम हलतो, हॉटेलसाठी धपकन खाली येतो. ती खूण आमची ठरली. त्यानंतर मी नोट्स दोन दिवस आधी मिळाल्याशिवाय तासाला यायला नकार दिला. उद्धटपणा वाटला असेल कुणाला, पण मला न कळलेली गोष्ट माझ्या हातांतून तिला कळू शकत नाही. सलग तासभर एकटीने इंटरप्रिटिंग केलं की वीसेक मिनिटांनी वाक्यं निसटू लागतात, हेही लेखी दिलं. दुसरी इंटरप्रिटर यायला दोन महिने लागले.

तोंडी परीक्षेत मी परीक्षकांच्या शेजारी, तिच्या समोर बसले. “तिला विचारा, लवचिकता म्हणजे काय,” ते मला म्हणाले. मी ‘तिला विचारा’सकट सगळं हातांनी सांगितलं. ती जे बोलली ते मी मोठ्याने म्हटलं, “सर, मला थेट विचारा ना.” आमच्या कामात ‘मी’ हा शब्द तिचा असतो. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

तिने औषधाचं उदाहरण दिलं. किंमत वाढली की मागणी अगदी किंचित घटते. ते ‘किंचित’ तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि माझ्याकडून सुटलं. परीक्षकांच्या कपाळावर आठी आली. तिला ती दिसली. तिने मला विचारलं, काय सांगितलंस? मी म्हटलं, “इंटरप्रिटरची चूक झाली, दुरुस्त करते,” आणि पूर्ण वाक्य पुन्हा सांगितलं. तिचे गुण माझ्या चुकीपायी जाणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचा प्रश्न त्यांनी तिच्याकडे बघत विचारला: गिफेन वस्तू. गरीब घरात भाकरीचं धान्य महागलं की दूध-भाजी तोडावी लागते, आणि पोट भरायला तेच धान्य जास्त घ्यावं लागतं, असं तिने सांगितलं. मग तिने आमची खूण केली. या वेळी दोन्ही हात एकदम वर गेले.

“किंमत वाढते,” मी म्हटलं, “आणि मागणीही वाढते.”