टाकीचं पाणी

अकोल्यात एप्रिल लागला की छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. म्हणून माझ्या लेकीची, चिमीची आंघोळ पहाटे, रात्री भरून ठेवलेल्या बादलीतून. आधी मी कोपर बुडवून बघते. गरम पाण्याने तिला फिट येते, हे तीनदा भोगून कळलं.

पहिली फिट पाचव्या महिन्यातली. सकाळी लांबलेली लस, संध्याकाळी ताप, आणि उजवे हातपाय वीस मिनिटं झटके देत राहिले. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. म्हणाल्या, "सुईनंच केलं हे." पुढच्या वेळी डावी बाजू. मेंदूचा एमआरआय नॉर्मल, मेंदूतल्या विजेचा आलेख, ईईजी, तोही नॉर्मल. एका डॉक्टरांनी फिटवरचं औषध, कार्बामाझेपिन दिलं. महिन्याला दोन यायच्या त्या फिट आठवड्याला चार यायला लागल्या. औषध तिला सोसत नाही म्हटलं, तर डोस वाढवला.

अडीच वर्षांची झाल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त जनुक तपासणीला पाठवलं. रिपोर्टात एससीएन१ए जनुकात बदल. ड्राव्हे सिंड्रोम, फिट येण्याचा जनुकातला आजार. शार्लोट ड्राव्हे या फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तो १९७८ साली मांडला, जनुक सापडायला २००१ उजाडलं.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूत काही पेशी चेतवतात, काही आवरतात. आवरणाऱ्या पेशींना काम करायला सोडियम आत घेणारी दारं लागतात, ती या जनुकावरून बनतात. चिमीकडे ती पुरेशी नाहीत. आणि कार्बामाझेपिन नेमकी सोडियमचीच दारं अडवतं. मी एसटीत कंडक्टर. म्हटलं, म्हणजे ब्रेक आधीच कमी लागत होता आणि आम्ही तोही काढत होतो! ते औषध हळूहळू बंद करून व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझम सुरू झालं. फिट थांबल्या नाहीत, पण आठवडे मोकळे जायला लागले.

मग आम्हा दोघांचं रक्त तपासलं. बदल दोघांतही नाही, तिच्यातच नव्याने झालेला. "तुह्या माहेरी कोनाले मिरगी होती का वं?" हे दोन वर्षं ऐकलं होतं मी. रिपोर्ट सासूबाईंना वाचून दाखवला, जरा मोठ्यानेच. लसीचंही सांगितलं: २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लसीमुळे मेंदू बिघडला असं मानलेले १४ जण तपासले, त्यांतल्या ११ जणांत हाच जनुक बिघडलेला निघाला. लसीने ताप आणला, तापाने फिट. दुसऱ्या कुठल्या तापानेही आलीच असती. त्या गप्प बसल्या. मग विचारलं, "मंग पुढची सुई कवा?"

चिमी आता सात वर्षांची आहे. तीनच्या पुढे मोजता येत नाही, गुडघ्यात वाकून चालते, दोन शब्दांचं वाक्य बोलते. लाल दिसलं की "आई बस". टोमॅटोलासुद्धा.

माझ्या पैशांच्या बॅगेत फिट थांबवायला मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे असतो, दुसरा घरी. फिटला पाच मिनिटं झाली की मारायचा. काल मूर्तिजापूरच्या फेरीवर होते, तर घरून फोन. पोटात गोळा. सासूबाई विचारत होत्या, "कोपर घातलं पान्यात, थंड हाय. घालू का आंघोय?"