बावीस दिवस न हरलेलं गाव आणि आमचा क्लूबर

परवा बाबांचा सांगलीहून फोन आला तेव्हा बोलता बोलता विचारलं त्यांनी, "तुमचा तो क्लूबर आता काय करतो गं?" रिटायर झाला म्हटलं, २०२४ च्या फेब्रुवारीत. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले चांगला बॉलर होता. बाबांनी आयुष्यात एकही बेसबॉल मॅच पूर्ण बघितलेली नाही, तरी त्यांना आमच्या बेसबॉल टीमचा बॉलर क्लूबर लक्षात आहे, म्हणून म्हटलं २०१७ च्या त्या सलग बावीस विजयांच्या दिवसांबद्दल एकदा सगळं लिहूनच काढावं.

आम्ही क्लीव्हलँडजवळ राहतो, ओहायोत. इथल्या टीमचं नाव तेव्हा इंडियन्स होतं (आता गार्डियन्स, स्टेडियमजवळच्या पुलावर दगडी रक्षकांचे मोठे पुतळे आहेत त्यांच्यावरून), आणि आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलेलं की या टीमवर प्रेम करायचं तर वाट बघायची तयारी ठेव, कारण शेवटची वर्ल्ड सिरीज (सीझनची सात मॅचची फायनल) जिंकली १९४८ मध्ये आणि तेव्हा ते सात वर्षांचे होते. २०१६ ला अगदी तोंडाशी आलेला घास गेला. शिकागो कब्जविरुद्ध ३-१ पुढे होतो आणि ४-३ हरलो. त्या सिरीजमध्ये कोरी क्लूबरला तीनदा उतरवलं, पहिली, चौथी आणि सातवी मॅच, त्यातल्या दोन वेळा नेहमीपेक्षा एक दिवस कमी विश्रांतीवर. सातव्या मॅचला त्याचा हात थकलेला टीव्हीवरही दिसत होता.

इथे क्रिकेटवाल्यांसाठी थोडं सांगते. पिचर म्हणजे आपला बॉलर, पण त्याला ओव्हर संपली म्हणून दुसऱ्याच्या हातात बॉल देऊन फाइन लेगला जाऊन उभं राहता येत नाही. तो एकटाच टाकत राहतो, साठ फूट सहा इंचांवरून, शंभर-शंभर बॉल, आणि प्रत्येक बॉल फुलटॉसच, टप्पा नाही म्हणजे पिचची काही मदत नाही, जे काय वळवायचं ते हवेतच. म्हणून मग चार दिवस विश्रांती देऊन पाचव्या दिवशी त्याची पाळी येते. क्लूबरचा ब्रेकिंग बॉल असा होता की बॅटर अर्धी बॅट फिरवून झाल्यावर बॉल तिथून निघून गेलेला असायचा, सुरीने लोण्याचा काप काढावा तसा बाजूला सरकायचा. आणि हे सगळं करताना चेहरा कोरा. विकेट मिळाली तरी तोच चेहरा, मार पडला तरी तोच. लोक त्याला क्लूबॉट म्हणायचे, क्लूबर अधिक रोबॉट. मला मात्र तो चेहरा बघून आमच्या बँकेत कॅशियर होते त्यांची आठवण यायची, गर्दी कितीही असो, नोटा त्याच वेगाने मोजायचे.

२०१७ ची सुरुवातच वाईट झाली. क्लूबरची पाठ धरली आणि मे महिना जवळजवळ पूर्ण बाहेर, तेव्हा त्याची सरासरी नऊ इनिंगला (म्हणजे एका पूर्ण मॅचला) पाचच्या वर रन अशी होती, म्हणजे त्याच्या मानाने फारच. जूनमध्ये परत आला आणि जणू दुसराच माणूस.

मग आली २४ ऑगस्ट. त्या दिवशी हरतालिका होती. माझा उपास, घरात मखराची तयारी, आणि आजोबांच्या पोर्चवर रेडिओ. बॉस्टनला १३-६ हरवलं. दुसऱ्या दिवशी गणपती बसले आणि कॅन्सस सिटीला ४-०, आमचा दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाच्या दिवशी परत ४-०, त्याच्या दुसऱ्या दिवशी १२-०. तीन मॅच, समोरच्याला एक रन नाही! मग टीम बाहेरगावी गेली, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो, अकरा मॅच आणि अकराच्या अकरा जिंकून आली. अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला, हे जिंकतायत आपले.

आपल्याकडे पहाटे पावणेपाचला मॅच सुरू व्हायची आणि आठच्या आसपास संपायची, म्हणजे बाबांचा चहा आणि पेपर. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर एकच शब्द, "जिंकले?" आणि मी एकच शब्द पाठवायचे. एरवी आमच्या फोनवर काय व्हायचं तर जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का, तिकडे थंडी किती. त्या तीन आठवड्यांत मात्र बाबा मला स्लायडर (बेसबॉलमधला बाजूला सरकणारा बॉल) आणि आउटस्विंगमधला फरक विचारत होते.

१२ सप्टेंबरला विसावा विजय, २-० ने, क्लूबरने एकट्याने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या आणि डेट्रॉइटला एकही रन दिला नाही. ओकलंडच्या २००२ च्या २० विजयांशी बरोबरी झाली, दुसऱ्या दिवशी तोही विक्रम मागे पडला.

१४ तारखेला आम्ही स्टेडियममध्ये होतो. नवव्या इनिंगला एका रनने मागे, दोन आउट, आमचा लिंडोर बॅटिंगला आणि त्याचेही दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे अजून एक चुकला की संपलं. वर बघितलं तर शेवटच्या रांगेत जॉन अॅडम्सचा ढोल चालू. हा माणूस १९७३ पासून स्वतःचा ढोल घेऊन मॅचला यायचा, पहिल्यांदा आणला तो दिवसही २४ ऑगस्टच! धम, धम, धम, नुसता ठेका, ताशा नाही काही नाही, पण मला सांगलीतली मिरवणूक आठवून घशाशी आलं. लिंडोरने डाव्या बाजूच्या भिंतीवर मारला, बरोबरी झाली, दहाव्या इनिंगला जे ब्रूसने जिंकून दिलं. बावीस! बावीस दिवसांत बावीस मॅच, आमचे रन १४२ आणि समोरच्यांचे सगळे मिळून ३७. अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मीही.

दुसऱ्या दिवशी ४-३ हरले. आणि अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, हरलेल्या टीमसाठी, ते खेळाडू बाहेर येऊन टोप्या काढून उभे. आजोबा म्हणाले, सत्तर वर्षांत असं बघितलं नव्हतं.

आता खरं दुखणं. ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, न्यूयॉर्कच्या यांकीजशी पाच मॅचची सिरीज. दुसऱ्या मॅचला क्लूबर आला आणि तीन इनिंगही पूर्ण झाल्या नाहीत, सहा रन गेले. ती मॅच बाकीच्यांनी ८-३ वरून ओढून आणली आणि तेराव्या इनिंगला ९-८ जिंकली, २-० पुढे गेलो, म्हणून त्याच्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्याचा ब्रेकिंग बॉल सरकतच नव्हता, मधोमध येऊन थांबत होता. मग दोन मॅच हरलो आणि ११ ऑक्टोबरला पाचव्या मॅचला परत तोच. यांकीजच्या डिडी ग्रेगोरियसने पहिल्या इनिंगला एक सिक्सर मारला (होमरन हो, पण तोंडात तेच येतं), तिसऱ्या इनिंगला दुसरा, ३-०. चौथ्यात कॅप्टनसारखा जो मॅनेजर असतो तो मैदानात आला आणि हात पुढे केला. क्लूबरने बॉल त्याच्या तळहातावर ठेवला, टाकला नाही, ठेवला, आणि खाली बघत चालत गेला. चेहरा तोच. ५-२ हरलो, सिरीज गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो तो क्लूबरच्या नावाने खडे फोडत होता आणि माझा फार संताप झाला. त्याच माणसाच्या खांद्यावर बसून आपण सप्टेंबर बघितला ना? पाठीच्या दुखण्यातून उठून वर्षभरात १८ विजय आणि २६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बॅटरला आउट करणं), नोव्हेंबरमध्ये त्याला साय यंग अवॉर्डही मिळालं, वर्षातला लीगमधला सर्वोत्तम पिचर म्हणून. त्यासाठीची मतं प्लेऑफच्या आधीच दिलेली असतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हात आहे गं तो, मशीन नाही."

२०१९ च्या मेमध्ये एक बॉल सरळ येऊन त्याच्या हातावर बसला, हाड मोडलं, आणि वर्षअखेर त्याला टेक्ससला देऊन टाकलं. तिथे एक इनिंग टाकून खांदा गेला. मला वाटलं झालं आता.

१९ मे २०२१. रात्री दहा वाजून गेलेले, दारावर थाप. आजोबा, घरातल्या सपाता पायात, हातात फोन. क्लूबर टेक्ससविरुद्ध टाकतोय आणि अजून एकही हिट नाही (म्हणजे बॉल मारून कुणी बेसवर पोचलेलंच नाही) म्हणाले, टीव्ही लाव. क्लूबरच्या अंगात आता यांकीजचा शर्ट. ज्या यांकीजचं नाव आजोबा शिवीशिवाय घेत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही दोघं सोफ्याच्या कडेवर बसून श्वास रोखून बघत होतो. शेवटचा आउट झाला, नो-हिटर, कॅचर धावत येऊन त्याला मिठी मारतोय, आणि क्लूबर हसला. आजोबा टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बघ, दात आहेत याला."

मी बाबांना लगेच एक शब्द पाठवला. तिकडे सकाळचे आठ वाजत आले होते, चहा झाला असणार.