पेटी सुरात लावणे, नोंद ७ : ०.१ + ०.२ पायी घासलेली रीड

या आठवड्यात पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, घेतली. तिच्या एकाच सप्तकातल्या दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या), ट्यूनरवर एक +०.१ सेंट, दुसरी −०.२. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. अंतर ०.३. माझ्या पायथन स्क्रिप्टमधली मर्यादाही ०.३च, तरी तिने ‘नापास’ छापलं. मी उतरलेल्या रीडचं टोक कानशीने घासलं आणि ती थेट +०.६ वर चढली. घासलेलं पितळ परत येत नाही. मग मुळाशी घासून तिला खाली आणत बसलो. इथे लष्कर भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी भाता हलवून ऐकलं. म्हणाले, ‘अरे, चांगली बोलत होती की रे, कशाला हात लावलास?’

अंतर म्हणजे ०.१ + ०.२. ही बेरीज छापून पाहिली: ०.३०००००००००००००००४. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमानात (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत) ०.१ संपत नाही. तो कुठेतरी तोडावाच लागतो.

पहिला उपाय म्हणून मॅथ.इझक्लोज, म्हणजे दोन आकडे पुरेसे जवळ आहेत का ते सांगणारं पायथनचं फंक्शन, वापरलं. तिथेही फसलो. त्याची मुभा (किती फरक चालेल ते) मूळ आकड्याच्या प्रमाणात असते आणि शून्याजवळची निरपेक्ष मुभा आपण दिली नाही तर ती शून्यच धरली जाते. सुराचं विचलन तर शून्याभोवतीच फिरतं! म्हणून आता सेंटचे दशांश पूर्णांकात ठेवतो: १ + २ = ३, मर्यादा ३, पास. पूर्णांक करताना आधी राउंड करा. ०.२९ ला १००ने गुणून नुसतं इंट केलं (दशांश छाटले) तर २८ येतात.

पण सगळा फरक असा पुसून टाकायचा नाही. बारा वेळा पंचम, म्हणजे दर वेळी कंपनसंख्या दीडपट, चढत गेलो तर १.५चा बारावा घात १२९.७४६३३७८९०६२५ येतो आणि सात सप्तकं, दर वेळी दुप्पट, म्हणजे १२८. दीड द्विमानात नेमका बसतो, त्यामुळे हा आकडा तंतोतंत खरा आहे. उरलेले साधारण २३.५ सेंट सुरांचेच आहेत, संगणकाचे नाहीत. कुठलीही मुभा त्यांना गिळू लागली तर ती मुभा चुकीची.

मर्यादाही पुन्हा तपासली. ४४० हर्ट्झला ०.३ सेंट म्हणजे दोन रीड एकत्र वाजताना सुमारे १३ सेकंदांत आवाजाच्या चढ-उताराची एक लाट, आणि भात्याचा दाब जरा बदलला तरी सूर त्याहून जास्त हलतो. आता एकाच दाबात तीन मापं घेऊन मधलं धरतो, मर्यादा ५ दशांश, म्हणजे ०.५ सेंट. पांढरी सहा सध्या +१ आणि +३ वर आहे. पुढे काळी पाच.