सीअरसकर, राहणार इंदूर

आज क्लॉथ मार्केटात बाबांच्या शर्टासाठी सीअरसकर घेतलं. ते पट्ट्यापट्ट्यांचं, मुद्दाम चुरगळल्यासारखं सुती कापड. नाव ऐकून बाबांचा पहिला प्रश्न, "हे सिरसकर कुठले?" आपल्या लोकांना 'कर' दिसला की गाव शोधायचंच असतं!

नाव मुळात फारसी: शीर-ओ-शकर, म्हणजे दूध आणि साखर. गुळगुळीत पट्टा दुधाचा, खरखरीत साखरेचा. कंपनीच्या काळात हिंदुस्थानी कापडाबरोबर ते इंग्रजीत गेलं आणि साहेबाच्या तोंडून असं वाकडं होऊन परत आलं.

खरी गंमत मागावर आहे. उभ्या धाग्यांचे काही पट्टे घट्ट ताणतात, शेजारचे सैल सोडतात. सैल भागात कापड गोळा होऊन सुरकुततं, आणि धुतल्यावरही त्या सुरकुत्या जात नाहीत. त्यामुळे ते अंगाला चिकटत नाही, आतून हवा खेळते, इस्त्रीचीही कटकट नाही. इंदूरच्या मे महिन्यात आणखी काय हवं?

आईला हे पटेना. तिने कापड चिमटीत धरून दुकानदाराला विचारलं, "भैया, ये प्रेस करने से सीधा होगा ना?"

बाबांनी तोवर अडीच मीटर फाडायला सांगितलं होतं.