काऊन पळून रायले, भाऊ?

पोळ्याच्या आधीचा सोमवार

आज पुन्हा एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवली. "बसा न भाऊ, सोडून देतो." म्हटलं नाही रे बाबा, मी पळून रायलो. त्यानं हेडलाइट माझ्या तोंडावर मारून नीट पाहून घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "काऊन? कोनाले काई झालं का?"

काऊन म्हणजे का. आता यात त्याचं काय चुकलं. आमच्याकडं पन्नाशी उलटलेला माणूस पहाटे साडेपाचला रोडनं पळताना दिसला म्हणजे काहीतरी घडलेलंच असतं, बैल सुटला असंल, कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला असंल, कोणी विहिरीत पडलं असंल, नाहीतर पहिली यष्टी निघून चालली असंल. बिनकामाचं पळतात ती लहान पोरं नाहीतर पोलीस भरतीवाली पोरं. मी कशातच बसत नाही. वय पंचावन्न, पोट पुढं, गावात कृषी केंद्र, दिवसभर काउंटरमागच्या खुर्चीत बसून लोकांना कपाशीवर काय फवारायचं ते सांगतो. शेवटचं पळालो असंल ते कॉलेजला असताना शकुंतला पकडायला, आणि ज्यांनी ती गाडी पाह्यली त्यांना माहीत आहे की तिच्यामागं पळावं लागतच नव्हतं, लोक उतरून परत चढायचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरोगेज, १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन, आता कैक वर्षांपासून बंदच. आमच्या बाजूला रुळात बाभळी उगवल्या आहेत.

पळायला लागलो त्याचं कारण तसं साधं. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (HbA1c) काढली ती ६.३ आली. डॉक्टर म्हणाले ६.५ ला डायबेटिस म्हणतात, तुम्ही उंबरठ्यावर आहात, रोज चाला. चालायला निघालो तर शंभर पावलांवर ओळखीचा माणूस, तो थांबला की मी थांबलो, पाऊसपाणी झालं की गडी मुद्द्यावर, "भाऊ, खताचे पैसे दिवाळीलोक थांबा न." झालं चालणं. पळणाऱ्याला थांबवून मुदत कोणी मागत नाही हे ध्यानात आलं तेव्हापासून पळतो. डॉक्टरला सांगितलं तर त्यांनी आधी ईसीजी काढायला लावला, बीपी पाह्यला, मग म्हणाले जा, पण घाई करू नका.

तान्हा पोळा

आज सुट्टी. काल बैलांच्या पोळ्यात उशीर झाला, आज सकाळपासून दारात लाकडी बैलवाली पोरं. बोजारा, म्हणजे पोरांची ओवाळणी, वाटता वाटता एका टिल्ल्यानं विचारलं, "काका, तुमी पोलीस होनार का?" त्याच्या मागची सगळी फौज खी खी हसली. दहा रुपये जास्त दिले त्याला.

भाद्रपद, पाऊस चालूच

पांदणीनं, म्हणजे वावरातल्या गाडीवाटेनं, जाता येत नाही. काळ्या मातीचं ज्याला माहीत नाही त्यानं एकदा पावसात पांदणीनं चालून पाहावं, दहा पावलांत एकेक बूट दोन दोन किलोचा होतो आणि अकराव्या पावलाला पाय बाहेर, बूट आत. म्हणून डांबरी रोडच. रोडच्या कडेनं लाइटचे खांब आहेत ते मात्र कामाचे निघाले. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर एक प्लॅन पाठवला होता, नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर, पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळा, नव्वद सेकंद चाला, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनच दिवस. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन माणसानं तो बनवला, आणि कोणासाठी, तर पन्नाशीतल्या आपल्या आईसाठी. हे वाचून जरा बरं वाटलं. पण अंधारात घड्याळ पाहायचं म्हणजे चष्मा लागतो आणि पळताना चष्मा नाकावर राहत नाही, त्यामुळं आपले खांबच बरे.

भरतीवाली पोरं रोज याच रोडवर असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० ला पूर्ण वीस मार्क पाहिजे तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. माझ्या बाजूनं जातात तेव्हा आधी फक्त श्वास ऐकू येतो, मग वारा लागतो आणि मग पाठ दिसते. त्यातली एक पोरगी, तिचा बाप माझ्याकडूनच बियाणं नेतो, ८०० मीटर मारून परत चालत येत होती, मला खांबाला धरून उभा पाह्यलं आणि थांबली. म्हणे काका, तुमी लय फास्ट पळता. मला वाटलं थट्टा करते. पण तिचं म्हणणं सरळ होतं, पळता पळता तोंडानं धड एक वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसंल तर स्पीड कमी करा, अजून येत नसंल तर अजून कमी करा. म्हटलं अजून कमी केला तर मी मागं जाईन. तर म्हणे, "जाऊ द्या न मागं, कोन पाहून रायलं?"

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. इतकं हळू की बाजूनं चालणारी एक म्हैस माझ्या पुढं गेली. तोंडानं दुकानातल्या मालाचा हिशोब पुटपुटत पळालो, युरिया इतका, डीएपी इतका, पोटॅश संपत आलं. आणि खांब मागं पडत गेले, पहिला, दुसरा, तिसरा, आणि दम काही लागेना. पंचावन्न वर्षांत मला हे कोणी सांगितलंच नव्हतं की हळू पळता येतं. शाळेत पी.टी.च्या तासाला पळायचं म्हणजे जीव खाऊन पळायचं आणि शेवटचा आला त्याला हसायचं, एवढंच शिकलो होतो. मी कायम शेवटचा. म्हणून पळणं आपलं काम नाही हे दहाव्या वर्षीच पक्कं झालं होतं.

नवरात्र

नडगी दुखते. पुढच्या बाजूनं, हाडाच्या कडेला, बोटानं दाबलं की कळ डोक्यात जाते. माय म्हणते तेल लाव. बायको म्हणते पळू नका. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला मामा, दम लवकर सुधारतो, पण स्नायू हाडाला बांधणारे टेंडन आणि हाडं लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात, आणि लोक दमाच्या भरवशावर अंतर वाढवतात. चार दिवस बसून राह्यलो. बसून राहणं आधी किती सोपं होतं! आता पहाटे पाचला डोळा उघडतो आणि करायला काही नाही, मोरीत जाऊन गूळणा करतो, परत येऊन पडतो, बायको म्हणते एकदाचं जा बाबा कुठं तरी.

बूट बदलले. दुकानात घालतो त्याच सँडलनं सुरुवात केली होती, मग पोराचे जुने कॅनव्हासचे, आता यवतमाळला जाऊन बरे जाड तळव्याचे घेतले. किंमत घरी अर्धीच सांगितली आहे. तीसुद्धा ऐकून माय म्हणाली, एवढ्यात दोन बकरीची पिल्लं आली असती.

मायेला मी मुद्दाम फौजासिंगची गोष्ट सांगितली. पंजाबातला शेतकरी, बायको गेली, डोळ्यादेखत पोरगा गेला, म्हातारपणी लंडनला दुसऱ्या पोराकडं राहायला गेला आणि तिथं पळायला लागला. २००० साली एकोणनव्वदाव्या वर्षी लंडन मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. २०११ ला टोरंटोत शंभराव्या वर्षी पुन्हा तेवढंच, आठ तासांच्या वर लागले पण पोचला. गिनीजवाल्यांनी रेकॉर्ड लिहिलं नाही, का तर जन्माचा दाखला नाही. २०२५ च्या जुलैत गेला बिचारा, एकशे चौदाव्या वर्षी, तेही अंथरुणात नाही, गावाजवळ रस्त्यावर गाडीनं उडवलं. मायेनं सगळं ऐकून घेतलं आणि दाखल्याचं तेवढं पकडलं. तिच्या आधारवर १ जून आहे, तिच्या बहिणीच्या आधारवर १ जून आहे, आमच्या गल्लीत तर अर्धे म्हातारे १ जूनलाच जन्मले, गुरुजींनी जे लिहिलं ते. "माह्यं बी नसतं लिवलं त्याईनं," म्हणाली, जसं काही पुढच्या महिन्यात टोरंटोला निघायचं होतं.

बायकोला मात्र फौजासिंगपेक्षा लता करे जवळची वाटते. मूळची आपल्या बुलढाण्याकडची बाई, साठी उलटलेली, नवऱ्याच्या इलाजाला पैसे नव्हते म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. बायको म्हणते, "तिले गरज होती. तुमाले काय नड आहे?"

सोयाबीन निघालं

हा नडीचा प्रश्न काही पिच्छा सोडत नाही. आज परत येताना मजूर बायांचा ऑटो बाजूनं गेला, सात वाजले असतील, बारा-पंधरा जणी कोंबून बसलेल्या, डबे मांडीवर. एक ओरडली, "ओ भाऊ, एवढा दम आहे त या न सोंगाले, रोज देतो!" सगळा ऑटो हसला. मीही हसलो, पण दुकान उघडेपर्यंत तेच डोक्यात. तिचं काय खोटं होतं. दिवसभर कंबर वाकवून सोंगणारी, म्हणजे सोयाबीन कापणारी बाई पहाटे उठून रोडनं पळणार नाही, तिला घाम विकत घ्यावा लागत नाही. मी खुर्चीत बसून पैसे कमावतो म्हणून मला घामाची सोय वेगळी करावी लागते, आणि तिची मजुरी माझ्या बुटाच्या खऱ्या किंमतीपुढं काढली तर कितीक दिवसांची होईल ते मी कागदावर मांडलं नाही, मांडायची हिंमत झाली नाही म्हणा.

तरी पळणं सोडावं असं वाटलं नाही, हेही खरं. माझ्या दिवसातली प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी हिशोबात आहे. दुकान उधारीच्या हिशोबात, वावर एकरी उताऱ्याच्या, पोराचं शिक्षण फीच्या. त्या अर्ध्या तासाचा मात्र काहीच उतारा निघत नाही. पोत्यात भरता येत नाही, मार्केटला नेता येत नाही, व्यापारी त्यातली ओल काढून भाव पाडू शकत नाही. शुगर पुन्हा काढली ती ६.० आली, डॉक्टर खूश, पण मला विचाराल तर ती ६.३ च राह्यली असती तरी मी गेलो असतो. बायकोला हे सांगितलं नाही. तिच्यासाठी शुगर हेच उत्तर ठीक आहे.

दिवाळीनंतर

थंडी पडली. शेतात जागलीवर गेलेले लोक आता पहाटे परततात, खांद्यावर घोंगडं, हातात बॅटरी, रात्रभर रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलून डोळे लाल झालेले. पहिल्यांदा एकानं मला लांबून बॅटरी मारून "हाऽऽड, हाऽऽड" केलं होतं. आता त्यांना माझ्या बुटांचा आवाज ओळखू येतो. एक म्हातारबा तर रोज काठी टेकून उभा राहतो आणि कुठं काय दिसलं ते सांगतो, आज नाल्यापाशी कळप आहे, तिकडून जाऊ नको, आज मोकळं आहे. त्यानं आजवर एकदाही काऊन विचारलं नाही.

आज भरतीवाल्या पोरांनी शाळेच्या ग्राउंडवर फक्की टाकून ट्रॅक आखला होता, तिथं मला १६०० मीटर पळवलं. एक जण मोबाइल घेऊन टाइम लावायला. तेरा मिनिटं आणि वर काहीतरी. त्या पोरीनं गंभीर तोंडानं सांगितलं, "काका, गोळाफेकीत मार्क कव्हर करा."

सोमवारपासून कापसाच्या गाड्या सुरू होतील. कापसाच्या बोदऱ्या (मोठे गठ्ठे) लादलेले मेटॅडोर पहाटेच निघतात, त्यांना मागचं दिसत नाही आणि पुढचं पाहायची सवय नाही, रोडवर पळण्यात अर्थ नाही. पांदण आता वाळली आहे, पण बैलगाडीच्या चाकोऱ्या अशा कडक झाल्या आहेत की पाय मुरगळायचाच. शकुंतलेच्या रुळाच्या बाजूनं एक पायवाट नाल्याच्या पुलापर्यंत जाते, पाहून आलो, बाभळी तोडल्या तर जमेल. रविवारी दुपारी कुऱ्हाड घेऊन जातो. पोरांना विचारलं, दोघं येतो म्हणाले, चहा पाजायच्या बोलीवर.