हडपसरचा टॉवर, ७९२ आणि आजोबांची मराठी मॅच

हडपसरला 'आकाशवाणी' नावाचा बसस्टॉप आहे आणि नवीन माणसाला वाटतं की निवेदक वगैरे इथेच बसत असणार, पण स्टुडिओ तिकडे शिवाजीनगरला, इथे फक्त ट्रान्समीटर. आमचं घर त्या टॉवरपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे पुणे केंद्र एवढं दणक्यात लागायचं की काटा जरा इकडेतिकडे सरकला तरी पुणंच! ताकद १०० किलोवॅट, वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी साधारण ३७९ मीटर, आणि लहर एवढी लांब म्हणूनच टॉवरही तसाच उंच लागतो. मुंबई केंद्र लावायचं तर आजोबा ट्रान्झिस्टर हातात धरून हळूहळू फिरवायचे, कारण आत फेराइटची जी काळी कांडी असते ती एका दिशेने सिग्नल नीट पकडते आणि दुसरीकडून फारसा घेतच नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, हातालाच कळलेलं. सेल उतरले की उन्हात ठेवायचे. वीज चमकली की खर्रर्र व्हायचं आणि नेमकी तेव्हाच विकेट जायची असं आम्हाला वाटायचं.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. याची मला कायम हळहळ वाटते, कारण त्याच्या पाचच वर्षं आधी, डिसेंबर १९४८ मध्ये, पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा, म्हणजे ब्रॅडमनच्या ४५२ पेक्षा फक्त ९ कमी, आणि समोरच्या कॅप्टनने मॅचच सोडून दिली, राहिलं ते राहिलंच. एवढी मोठी इनिंग आपल्या गावात झाली पण तेव्हा गावाला स्वतःचं रेडिओ केंद्रच नव्हतं.

नंतर मात्र पुण्याला बाळ ज. पंडित मिळाले. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला माणूस माइकसमोर बसून मराठीत मॅच सांगतोय, हे आमच्या आजोबांना फार मोठं वाटायचं आणि मलाही वाटतं. मराठीत कॉमेंट्री करणं सोपं नाहीये, कारण आपलं क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी, 'चेंडू कव्हरच्या दिशेने सीमापार टोलवला' असं म्हणेपर्यंत पुढचा बॉल पडतो. म्हणून वाक्य उलटं करावं लागतं, 'टोलवलाय... कव्हरच्या दिशेने... आणि चौकार!' बोलताना आपण सगळे असंच बोलतो, फक्त लिहिताना नाही. षटक, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द शाळेच्या पुस्तकात नव्हते, ते आमच्या घरात आले पेपरातून आणि रेडिओवरून, आणि शेतातल्या गड्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसले. आज मुलं पायचीतला 'एलबी' म्हणतात, म्हणू देत, पण 'त्रिफळाचीत' म्हटल्यावर तीन दांड्या विखुरलेल्या डोळ्यांसमोर येतात ते 'बोल्ड' मध्ये येत नाही. ही कॉमेंट्री जिथे कुठे टेपवर उरली असेल तिथून ती लोकांना ऐकायला मिळाली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

५ डिसेंबर १९८४. नेहरू स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध वन डे, काका तिकीट काढून सकाळीच गेलेला आणि आम्ही घरी ट्रान्झिस्टरभोवती. त्याच आठवड्यात भोपाळची वायुगळती झालेली, मध्ये बातम्या लागल्या की सगळे गप्प. कॉमेंट्री आलटूनपालटून हिंदी आणि इंग्लिशमध्ये, आजीला दोन्ही धड कळायचं नाही, म्हणून आजोबा कान रेडिओला लावून आम्हाला मराठीत सांगत होते, अगदी पंडितांच्या चालीत. वेंगसरकरचे १०५ झाले, स्टेडियममधला गलका त्या एवढ्याशा स्पीकरमधून आला. मग गॅटिंगने नाबाद ११५ मारून मॅच काढून नेली.

रात्री काका आला तो उन्हाने लाल होऊन, पाय धुतले आणि आजोबांसमोर बसला. लांबच्या स्टँडमधून त्याला निम्मं दिसलंच नव्हतं. म्हणाला, "दादा, वेंगसरकर गेला तो नेमका कसा हो?"

आजोबांनी रेडिओ बंद केला, मांडी नीट घातली आणि पहिल्या षटकापासून सुरुवात केली.